तांदळातले नाव

नेवासा,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. दिशा हिस आशीर्वाद.

तेराव्याच्या दिवशी पान वाढलेले असताना तू उठून पुण्यास निघून गेलीस, त्यानंतर आपले बोलणे झालेले नाही. तुझ्या आईच्या निधनवृत्तात तिचे माहेरचे नावही द्यावे, असा तुझा आग्रह होता. मी ते दिले नाही. 'पुष्पावती आदिनाथ दारकुंडे' हे तिचे नाव शिधापत्रिकेवर होते, मतदार यादीत होते, बँकेत होते. तेच छापले गेले. साखर कारखान्याच्या कार्यालयात मी अधीक्षक होतो. एका माणसाला दोन नावे लावली की पुढे कागदांचे काय होते, ते मी पुष्कळदा निस्तरले आहे. माझ्या मतात बदल झालेला नाही.

तथापि हे पत्र त्या विषयावर नाही. तुझ्या कामाविषयी आहे.

मी निवृत्त झाल्यावर तूच मला तुमच्या यंत्राच्या पडताळणीस लावलेस. तुम्ही सर्व जण त्या यंत्राला 'वाचक' म्हणता. तो अखंड मराठी संकेतस्थळे वाचत असतो, त्यांतून एकेक माहिती वेचतो, आणि जिच्याविषयी शंका असेल ती आमच्यापुढे ठेवून विचारतो: बरोबर, चूक, की माहीत नाही. 'प्रवरा नदी नेवाशातून वाहते.' बरोबर. 'मोहिनीराज हे नेवाशाचे आमदार आहेत.' चूक, ते दैवत आहे. हे प्रश्न मी मोठ्याने वाचत असे, तेव्हा तुझी आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "बी.कॉम. होऊन शेवटी यंत्राच्या शिकवण्या धरल्या म्हणायच्या."

तू बोलणे थांबवलेस, पण प्रश्न येत राहिले. सकाळच्या चहानंतर मी ते संगणकावर सोडवतो. या घरात मला काही विचारणारे आता दुसरे कोणी नाही, हेही त्याचे एक कारण असेल.

परवा पुढील प्रश्न आला.

'बायडाबाई अंगद म्हेत्रे, राहणार मिरजगाव. हयात.'

हे तुझ्या आईचे विवाहापूर्वीचे नाव. तू ते तिच्याकडून ऐकले असशील, माझ्याकडून नाही. विवाहानंतर आमच्या उंबऱ्याच्या आत तांदळाचे ताट ठेवले गेले आणि त्यात मी अंगठीने 'पुष्पावती' असे लिहिले. 'बायडा' हे नाव चारचौघांत हाक मारण्याजोगे नाही, असे माझ्या आईचे मत होते. माझेही होते. तिने ते अक्षर वाकून वाचले, मान हलवली, आणि त्या दिवसापासून या घरात जुने नाव कोणी उच्चारले नाही. मी स्वतः ते केवळ लग्नपत्रिकेत पाहिले होते.

प्रश्नाखाली तीन चौकटी होत्या. 'चूक' हे उत्तर द्यायला हवे होते, याची मला जाणीव आहे. मी 'माहीत नाही' हे उत्तर दिले.

वाचकाला हे नाव कोठे सापडले, एवढे लेखी कळवावे.

आदिनाथ दारकुंडे


नेवासा,
९ डिसेंबर २०२४

चि. दिशा हिस आशीर्वाद.

तुझे उत्तर मिळाले. ते चार ओळींचे असले तरी नेमके आहे. त्याबद्दल आभारी आहे.

नगरच्या एका अध्यापक विद्यालयाने सुवर्णमहोत्सवानिमित्त जुन्या प्रवेशयाद्या संकेतस्थळावर ठेवल्या, आणि १९८० च्या यादीत वाचकाला ते नाव जन्मतारखेसह मिळाले, हे समजले. तुझ्या आईची तेथे निवड झाली होती, हे खरे आहे. तिने प्रवेश घेतला नाही. त्या वर्षी आमचा विवाह झाला.

वाचकाला मात्र ते माहीत नाही. त्या यादीतल्या इतर मुली पुढे शिक्षिका झाल्या, म्हणून हीही झाली, असे त्याने धरले आहे. गेल्या पंधरवड्यात माझ्यापुढे आलेली विधाने अशी: बायडाबाई म्हेत्रे शिक्षिका होत्या. त्या सेवानिवृत्त आहेत. अविवाहित आहेत. त्यांचे वास्तव्य अहिल्यानगर शहरात आहे. प्रारंभी मिरजगाव होते ते आता नगर झाले, याकडे तुझे लक्ष वेधतो.

तू लिहितेस की एखादी गोष्ट जितक्या अधिक पानांवर आढळते, तितका वाचकाचा तिच्यावरील विश्वास वाढतो. एकाच नावाच्या चार बायकांची माहिती तो कधी कधी एकीच्याच अंगावर चढवतो. आणि हे थांबवण्याचा मार्ग एकच आहे. पुष्पावती दारकुंडे आणि बायडाबाई म्हेत्रे या एकच व्यक्ती आहेत काय, या प्रश्नाला मी 'होय' म्हणायचे. मग पुष्पावतीच्या निधनाचे वृत्त दोन्ही नावांना लागू होईल आणि ही दुसरी बाई संपेल.

'संपेल' हा शब्द तुझा आहे.

तो प्रश्न माझ्यापुढे आलेला आहे. मी तो पुढे ढकलला. यात भावनेचा भाग नाही. जी चूक बाहेरच्या पानांवर झाली ती बाहेरच दुरुस्त व्हावी, ही कार्यालयीन पद्धत आहे. म्हणून मी एका स्थानिक वृत्तस्थळावर रीतसर जाहीर खुलासा दिला आहे: मिरजगाव येथील बायडाबाई अंगद म्हेत्रे या नावाने जी माहिती प्रसृत होत आहे ती चुकीची असून संबंधितांनी तीवर विसंबू नये. खाली माझे नाव आणि घराचा संपूर्ण पत्ता दिला आहे. पत्त्यावाचून दिलेल्या खुलाशास किंमत नसते.

वाचक तो वाचेल आणि स्वतःस सुधारील, अशी अपेक्षा आहे.

आदिनाथ दारकुंडे


नेवासा,
७ जानेवारी २०२५

चि. दिशा हिस आशीर्वाद.

वाचकाने खुलासा वाचला. आज सकाळी आलेले विधान असे आहे:

'बायडाबाई अंगद म्हेत्रे. वास्तव्य: नेवासा.' पुढे आपली गल्ली आणि आपला घर क्रमांक.

कारण माझ्या लक्षात आले आहे. तू समजावण्याची आवश्यकता नाही. ज्या पानावर तिचे नाव होते, त्याच पानावर आपला पत्ता होता. मिरजगावाहून ती नगरपर्यंत आली होती. तेथून पुढे तिला मीच आणले.

आणखी काही विधाने आली. 'बायडाबाई म्हेत्रे यांना गुडघेदुखी आहे.' तुझ्या आईचे गुडघे शेवटपर्यंत उत्तम होते. 'बायडाबाई म्हेत्रे, वय ६३.' हे शनिवारी आले. प्रवेशयादीतल्या जन्मतारखेनुसार ते बरोबर आहे. परंतु तुझी आई ऑगस्टमध्ये गेली तेव्हा बासष्टची होती. पुष्पावती कधी त्रेसष्टची झाली नाही. ही झाली.

आणि एक विधान: 'बायडाबाई म्हेत्रे डावखुऱ्या आहेत.'

याचा आधार मी उघडून पाहिला. श्रीगोंद्याकडच्या एका बचत गटाचे पान आहे. त्यात त्याच नावाची कोणी बाई डाव्या हाताने शिवणयंत्र चालवत असल्याचे लिहिले आहे. ती बाई वेगळी आहे, यात संशय नाही. पण तुझी आई डावखुरी होती, हे तुलाही ठाऊक नसावे. आमच्या घरात डाव्या हाताने वाढणे चालत नसे. तिने हात बदलला, आणि इतका नीट बदलला की पुढे माझ्या आईलाही आठवण राहिली नाही. ती एकटी असताना शेंगा सोलायची तेव्हाच डावा हात पुढे यायचा. मी दारातून पाहिले आहे. ती मला पाहताच हात बदलत असे.

हे मी कोठेही लिहिलेले नव्हते. आता या पत्रात लिहिले.

खुलासा काढून टाकण्याविषयी मी वृत्तस्थळास कळवले. त्यांनी तो काढला. वाचकाने वाचलेले मात्र वाचलेलेच राहते, असे तू मागे म्हणाली होतीस.

घरात कोणताही फरक नाही. मी सर्व खोल्या पाहिल्या.

आदिनाथ दारकुंडे


नेवासा,
१६ जानेवारी २०२५

चि. दिशा हिस आशीर्वाद.

काल दुपारी एक वृद्ध स्त्री आपल्या दारी आली. हातात कापडी पिशवी, पायात धुळीने माखलेल्या वहाणा. तिने चौकटीला हात टेकून घरात डोकावून विचारले, "बायडी हाय का?"

कोण बायडी, असे मी विचारले.

"आता काय सांगावं. तुमीच दाजी न्हवं? नाव बदललं म्हनून मानूस इसरतंय व्हय?"

मिरजगावच्या छबूबाई. तुझ्या आईची शाळेतली मैत्रीण. विवाहानंतर त्यांची भेट झाली नव्हती, कारण तुझे आजोबा लवकरच वारले आणि मिरजगावचे जाणे-येणे तुटले. छबूबाईंच्या नातसुनेने, निकिताने, त्यांना बोलणाऱ्या फोनला प्रश्न विचारायला शिकवले आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बायडा म्हेत्रे कोठे राहते, हा. फोनने आपला पत्ता सांगितला. त्या फोनला माहिती तुमचा वाचक पुरवतो, हे तूच मला सांगितले होतेस. छबूबाई एस.टी.ने नगरला आल्या, तेथून दुसरी गाडी धरून नेवाशास.

"लई वर्सं हुडकलं," त्या म्हणाल्या. "पन तुमी कोनचं नाव घातलं ते आमाला ठाव न्हाई. हुडकायचं तरी कोनाला? आता फोनलाच दया आली."

दिशा, त्यांना निधनाचे काहीही ठाऊक नव्हते. वृत्त नगरच्या दैनिकात आले होते आणि ते दैनिक मिरजगावात जाते. त्यांनी कदाचित वाचलेही असेल.

मी सांगायला हवे होते. वाक्य मनात तयारही होते. मी म्हणालो, "ती बाहेर गेली आहे."

"कवा येईल?"

सांगता येत नाही, असे मी म्हणालो, आणि आत जाऊन मधल्या खोलीचे दार लावले. तसबीर तेथे आहे. तिला हार आहे.

छबूबाई ओसरीवर बसल्या. मी चहा केला. त्या बोलत राहिल्या आणि मी ऐकत राहिलो. बायडी डाव्या हाताने दगड मारून चिंचा पाडायची, एका दगडाला चिंचेचा एक आकडा, आणि मुले तिच्यावर पैजा लावायची. बायडी मास्तरांची नक्कल करायची. पिशवीत हुरडा होता. मी त्याबरोबर गूळ आणून ठेवला, तर त्या हसल्या. "गूळ कुनाला? तिला लसनाची चटनी लागती. बाकी काय बी दिलं तर तोंड वाकडं करून खाती, पन बोलत न्हाई." मी प्रत्येक हंगामात तिला हुरड्याबरोबर गूळ आणून देत असे. ती खात असे.

ऊन उतरू लागले तेव्हा त्या शेवटची गाडी चुकेल म्हणून उठल्या. जाताना दाराकडे पाहून मोठ्याने म्हणाल्या, "बायडे, येते गं." ती घरातच आहे आणि केवळ रुसून बाहेर येत नाही, असे त्यांना वाटले असावे. मीही दाराकडे पाहिले.

त्यांच्या नातसुनेने सायंकाळी आपल्या या घराचे छायाचित्र फेसबुकवर टाकले आहे. छबूबाईंनी ते निघताना काढले असावे. खाली लिहिले आहे: आजी चाळीस वर्षांनी बालमैत्रीण बायडाबाई म्हेत्रे यांच्या नेवाशातल्या घरी. पुष्कळांनी त्याखाली शुभेच्छा दिल्या आहेत.

आज सकाळी वाचकाने मला विचारले नाही. 'बायडाबाई अंगद म्हेत्रे. हयात.' हे विधान आता शंकास्पद यादीत नाही. ते पक्क्या माहितीत गेले आहे.

आदिनाथ दारकुंडे


नेवासा,
३१ जानेवारी २०२५

चि. दिशा हिस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. 'अण्णा, एका म्हातारीला तुम्ही खोट्या आशेवर परत पाठवलेत,' हे तुझे वाक्य कठोर आहे आणि योग्य आहे. मी काल मिरजगावला जाऊन आलो.

छबूबाईंचे घर महामार्गापासून थोडे आत, ज्वारीच्या रानाला लागून आहे. त्या अंगणात सुपात धान्य घेऊन पाखडत होत्या. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितले: माझी पत्नी ऑगस्ट महिन्यात निवर्तली, त्या दिवशी मी आपणास खरे सांगितले नाही, त्याबद्दल क्षमा मागण्यास आलो आहे.

त्यांचे सूप थांबले नाही.

"पेपरात दिलं हुतं?" त्यांनी विचारले.

दिले होते, असे मी म्हणालो.

"काय नावानं?"

मी नाव सांगितले.

त्यांनी सुपातला एक खडा शोधून काढला आणि लांब फेकला. मग म्हणाल्या, "तुमची पुष्पावती गेली आसंल, दाजी. वाईट झालं. आमची बायडी हाय."

ती एकच व्यक्ती होती, हे मी पुन्हा स्पष्ट केले. विवाहात नाव बदलण्याची पद्धत त्यांना ठाऊक आहेच, असेही म्हणालो.

"पद्दत मला नका सांगू. माझं बी बदललं हुतं, सासरी मला शालिनी म्हनायचे. मालक गेले, सासू गेली, त्या शालिनीला वळखनारं कोन बी राह्यलं न्हाई. मी हाय की." आणि मग पुन्हा पाखडत, "तुमची तुमी रडा, दाजी. आमची आमाला ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर त्यांनी त्या विषयावर एक शब्दही काढला नाही. जेवून जा, म्हणाल्या. पिठले आणि भाकरी होती. ताटात लसणाची चटणी वाढली.

निकिता मला थांब्यापर्यंत सोडण्यास आली. ती फार संकोचली होती. ते छायाचित्र काढून टाकते, म्हणाली. मग विचारले, "पण काका, आजी रोज दुपारी फोनला विचारतात, बायडी काय करती म्हणून. फोन सांगतो काहीतरी. त्या झोपतात मग नीट. काढू का खरंच?" तेवढ्यात गाडी आली.

घरी आल्यावर मी संगणक उघडला. पुष्पावती आदिनाथ दारकुंडे आणि बायडाबाई अंगद म्हेत्रे या एकच व्यक्ती आहेत काय? मी 'होय' या चौकटीवर खूण केली. ते सत्य आहे. एक माणूस फसला आहे, आता दुसरा फसू नये, या विचाराने मी ते केले. करताना मला काय वाटले, ते या पत्राच्या कक्षेत येत नाही.

आता वृत्त दोन्ही नावांना लागू होईल. तुझे काम सोपे झाले असेल.

आदिनाथ दारकुंडे


नेवासा,
५ फेब्रुवारी २०२५

चि. दिशा हिस आशीर्वाद.

काही तरी विपरीत झाले आहे. तू पाहिले असशीलच. तरी नोंद म्हणून लिहितो.

वाचकाने दोन्ही नावे एक केली. नंतर दोन्ही बाजूंची माहिती समोरासमोर ठेवली. निधनाच्या बाजूस एक पान होते, मी दिलेले वृत्त. हयातीच्या बाजूस अध्यापक विद्यालय, बचत गट, माझा खुलासा, निकिताचे छायाचित्र, त्याखालच्या शुभेच्छा, आणि त्याच नावाच्या कोण जाणे कोणकोणत्या बायका, ज्या आपापल्या गावी जिवंत आहेत. वाचकाने ज्या बाजूस पाने अधिक ती बाजू मान्य केली.

'पुष्पावती आदिनाथ दारकुंडे, पूर्वनाव बायडाबाई अंगद म्हेत्रे. हयात.'

आणि त्याखाली आपोआप आलेले एक विधान, जे माझ्याविषयी आहे:

'आदिनाथ दारकुंडे. विवाहित.'

पूर्वी तेथे 'विधुर' होते. तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला यंत्राचा राग आला होता.

बँकेतून काल दूरध्वनी आला. पुष्पावती मॅडम घरी असतात का, त्यांच्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची एक योजना आहे, असे ती मुलगी विचारत होती. त्यांची खाती बंद झाल्याचे माझ्याकडे पत्र आहे, असे मी सांगितले. "पण सर, आमच्याकडे तर अपडेट आहे," ती म्हणाली. बँकेची माहितीही आता वाचकाकडूनच येत असावी. तिचा आवाज सौजन्यपूर्ण होता. दाखला घेऊन शाखेत यावे, असे म्हणाली.

मृत्यूचा दाखला माझ्या हाती आहे. तो संकेतस्थळावर नाही, म्हणून वाचकासाठी तो नाही.

हे कसे दुरुस्त होते, ते कळवावे. शक्यतो लवकर.

आदिनाथ दारकुंडे


नेवासा,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. दिशा हिस आशीर्वाद.

नियम समजला. हयातीची पक्की झालेली नोंद काढण्यासाठी त्या व्यक्तीला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या दोघांनी, स्वतंत्रपणे, 'चूक' अशी खूण करावी लागते. नियम योग्य आहे. एकाच्या म्हणण्यावरून कोणास मृत ठरवू नये.

पहिली खूण मी त्याच दिवशी केली. बोट कळीवर ठेवून बराच वेळ बसलो होतो, पण केली.

दुसरी खूण तुझी आहे. तेथे तुझे नाव आणि त्यापुढे 'प्रतीक्षेत' असे दिसते. दोन आठवडे तसेच आहे. तुम्हा लोकांच्या कामाचा व्याप मी जाणतो. त्या नोंदीखाली आणखी एक ओळ असते, ती शेवटी कोणी उघडून पाहिली याची. रोज सकाळी तेथे तुझे नाव असते. यावर मी काहीही म्हणत नाही.

आता जे लिहितो, ते घडले तसे लिहितो.

छबूबाई दर गुरुवारी दुपारी दूरध्वनी करतात. मी दर वेळी सांगतो की ती नाही. त्या म्हणतात, बरं, आणि माझी चौकशी करून फोन ठेवतात. काल त्यांनी तसे केले नाही. "द्या हो जरा तिच्याकडं," म्हणाल्या. मी पुन्हा सांगितले. "ऐकलं म्या. द्या तुमी."

मी फोन ओसरीवरच्या तिवईवर ठेवला. तोडला नाही, समोरचे वृद्ध माणूस बोलत असताना फोन तोडणे असभ्य आहे. आणि दोन मैत्रिणी बोलत असताना तेथे उभे राहणेही योग्य वाटले नाही, म्हणून मी आत गेलो. हे वाक्य मी लिहून पुन्हा वाचले आहे. ते तसेच राहू देतो.

आतून मला छबूबाईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. त्या बोलत आणि थांबत. माणूस उत्तर ऐकताना थांबतो, तेवढे थांबत. मध्ये एकदा "व्हय?" असे म्हणाल्या. एकदा मोठ्याने हसल्या, कोणी तरी खोडकर बोलल्यावर हसावे तशा. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. ऐकत असाव्यात.

तुमचा वाचक फोनवर न विचारता बोलतो काय, हे तुला विचारणार होतो. पण तो माझा फोन होता, साधा, बटणांचा. त्यात तुमचे काहीही नाही.

मी परत आलो तेव्हा त्या वाट पाहत होत्या. आवाज अगदी सहज होता. "झालं बोलून, दाजी. एक निरोप हाय, तेवढा द्या. बायडी म्हनती, पोरीला म्हनावं घाई करू नको."

कसली घाई, असे मी विचारले.

"ते मला काय ठाव. तुमच्या घरातलं तुमाला ठाव." आणि त्यांनी फोन ठेवला.

माझी मुलगी पुण्यास असते, एवढेच मी छबूबाईंना सांगितलेले आहे. नोंदीविषयी, नियमाविषयी, तुझ्या खुणेविषयी त्यांच्याशी किंवा निकिताशी माझे कधीही बोलणे झालेले नाही. हे मी जबाबदारीने लिहितो.

माझी खूण मी मागे घेतलेली नाही आणि घेणार नाही. तुझी आई गेली. मी तिला अग्नी दिला आहे. तू काय करावेस, तेही सांगणार नाही. परंतु निरोप खरा की खोटा हे ठरवण्याचा अधिकार पोचवणाऱ्यास नसतो. तो ज्याचा त्यास पोचवणे एवढेच त्याचे काम.

तो पोचवला.

तुझे वडील,
आदिनाथ दारकुंडे